असोद्याची चिनी गौराई

जुन्या चिनी मातीच्या वस्तू जमवण्याचा नाद असलेल्या माणसानं लग्न करू नये. केलंच, तर असोद्याची मुलगी करू नये. आणि तेही केलंच असेल, तर आखाजीला सासुरवाडीला जाताना पिशवीत काय आहे ते कुणालाही दाखवू नये. मी हे तिन्ही केलं.

स्वातंत्र्य मिळून दोन-चार वर्षं झाली होती. मी जळगावच्या कचेरीत कारकून होतो. साहेब लोक आपापल्या देशी निघून गेले होते आणि त्यांच्या बंगल्यांतलं सामान जागोजाग लिलावात निघत होतं. शहाणी माणसं त्यात पलंग घेत, कपाटं घेत. मी फुटक्या वस्तू घेत असे. ('फुटक्या' हा शब्द माझ्या बायकोचा, कमलचा. माझा शब्द 'पुरातन'!) एका साहेबानं मागे टाकलेलं चिनी मातीच्या वस्तूंचं चित्रांचं पुस्तक मला रद्दीत मिळालं, तेव्हापासून हा नाद जडला. माझ्या संग्रहात एक बिनकानाचा कुत्रा होता, तडा गेलेली एक बशी होती आणि निळ्या फुलांची एक सुंदर बरणी होती. त्या बरणीत कमलनं खारवलेल्या मिरच्या भरल्या.

"अगं, ती दीडशे वर्षांची बरणी आहे!"

"बरणीच आहे ना? मग?"

या 'मग'चं उत्तर मी त्या चित्रांच्या पुस्तकात शोधलं. त्यातही नव्हतं.

पण माझं खरं दुखणं वेगळंच होतं. ते होतं रावेरला, आणि त्याच्या केळीच्या बागा होत्या. नाना म्हणजे माझे साडू, कमलच्या थोरल्या बहिणीचे यजमान. दर आखाजीला आम्ही दोघे जावई असोद्याला जमायचो. नाना बैलगाडीभर केळी घेऊन उतरायचे आणि मी छत्री घेऊन. मग जेवायला पहिला पाट नानांचा. आमरसाची पहिली वाटी नानांची. आणि आमचे सासरे, आबा, मला विचारायचे, "कचेरीत सध्या काम हाये का काही?" जणू मी तिथे माशा मारायला जातो! एकदा तरी, फक्त एकदा, तो पहिला पाट मला मिळावा आणि नानांनी दुसऱ्यावर बसावं, एवढीच माझी आयुष्यात इच्छा होती. यात काय फार मागितलं?

अशात धुळ्याला एका साहेबाच्या बंगल्याचा लिलाव असल्याचं कळलं. मी रजा टाकून गेलो. आणि तिथे ती दिसली. हातभर उंच, दुधासारखी पांढरी, अंगात निळा पायघोळ झगा, एका हातात पंखा. चिनी बाई! तिच्या पायाखाली हिरव्या लोकरी कापडाची बनात चिकटवलेली होती. पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं, अस्सल चिनी वस्तूच्या तळाशी त्यांच्या बादशहाचा निळा शिक्का असतो. म्हणजे बनातीखाली बादशहा होता!

लिलाव म्हटलं की हातोडा असतो, एवढं मला ठाऊक होतं. पण इथे हातोडा नव्हताच. लिलावाला बसवला होता एक कापसाचा दलाल. त्याला बाजारातली एकच रीत माहीत होती: हातावर रुमाल टाकायचा आणि खालून बोटं दाबून भाव सांगायचा. (आता मला सांगा, झग्याच्या बाईचा भाव कापसाच्या रीतीनं करायचा म्हणजे काय!) एकेक गिऱ्हाइक पुढे जाई, रुमालाखाली काहीतरी चाले आणि तोंडानं कुणी अवाक्षर काढत नसे. माझी पाळी आली. दलालानं रुमालाखालून हात पुढे केला. मी सुशिक्षित माणूस. कुणी हात पुढे केला तर तो घट्ट धरून हलवावा, हेच मी साहेबाच्या राज्यात शिकलो होतो. मी त्याचा अख्खा पंजा धरला आणि चांगला गदागदा हलवला.

दलाल दचकला. त्यानं माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि पुन्हा हात पुढे केला. मला वाटलं, माणूस मोठा प्रेमळ आहे. मी आणखी जोरात हलवला!

"भाऊ," तो माझा हात न सोडता ओरडला, "इतला भाव आजपावत कोनी दिन्हा नही! बाई तुम्हनी शे आते!" म्हणजे बाई आता माझी झाली होती!

एक बोट म्हणजे एक, दोन बोटं म्हणजे दोन आणि अख्खा पंजा म्हणजे पाच, हे मला तिथे बसलेल्या चार आडत्यांनी मागाहून समजावलं. पाच म्हणजे पाच रुपये नव्हेत, हेही त्यांनीच समजावलं. पगार गेला. हातातलं घड्याळ गेलं. "अरे, हा व्यवहार आहे की चोरी?" म्हणून मी तिथे थयथयाट केला, तर दलाल म्हणतो, "भाऊ, हात तुम्हीच दिन्हा ना?" परतीचं तिकीट निघालं, हे नशीब.

कमलनं बाईला उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "हिला बसवायची कुठे? कुत्र्याजवळ?" माझं डोकं भलत्याच ठिकाणी चाललं होतं. ती बनात मी घरी काढणारच नव्हतो. आखाजीला असोद्याला, सगळ्यांसमोर, नानांच्या नाकासमोर ती भिजवून काढायची आणि बादशहाचा शिक्का दाखवायचा. मग बघू पाट कुणाचा!

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. पण आमच्या खान्देशात ती दिवाळीलाही भारी. सगळ्या लेकी माहेरी येतात, झोके बांधतात. त्यांच्यातच एक लेक म्हणजे गौराई, साक्षात पार्वती. तीही माहेरपणाला आलेली असते. तिची पूजा होते, गाणी होतात, आणि शेवटी बायका वाजतगाजत नदीवर जाऊन तिची सासरी पाठवणी करतात. अक्कांच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या घरची रीत अशी: गौराई लाकडाची असली तर पाण्यात बुडवून परत आणायची, मातीची असली तर पाण्यात सोडून यायचं. हे तुम्ही लक्षात ठेवा. मला आधी कुणीही सांगितलेलं नव्हतं!

ओट्यावर सगळे जमल्यावर मी पिशवीतून बाई काढली. नानांनी तिला टिचकी मारली.

"काच हाये."

"काच?" माझं माथं भडकलं. "नाना, ही माती आहे, माती!"

"माती अशी चकाकते का कोठी? आमच्या बागेत बैलगाड्यांनी माती हाये. एक ढेकूळ चकाकू नही राह्यलं."

मग मात्र मी उभा राहिलो. मातीच कशी असते, ती कशी मळतात, कशी भाजतात, वर लेप कसा देतात, बनातीखाली बादशहाचा शिक्का कसा असतो, सगळं सांगितलं. गळा दुखेपर्यंत सांगितलं. आतल्या दाराशी अक्का पदर सावरून ऐकत उभ्या होत्या.

"पाव्हणे, खरंच मातीची हाये ही?" त्यांनी विचारलं.

"अक्का, अस्सल मातीची! तिच्यात मातीशिवाय काही नाही!"

अक्कांनी समाधानानं मान डोलावली आणि आत गेल्या. मला भरून आलं. या घरात निदान एका माणसाला तरी कलेची जाण आहे, असं वाटलं.

"शिक्का दाखवा मंग," नाना म्हणाले.

"जेवणानंतर," मी ऐटीत म्हणालो. पहिल्या पाटाच्या मानकऱ्याला हे ऐकावं लागलं, यातच मला अर्धा विजय वाटला.

खापरावरची पुरणपोळी आणि आमरस खाल्ल्यावर बादशहासुद्धा झोपला असता. मीही बाई कोनाड्यात ठेवून झोपलो. जागा झालो तर कोनाड्यातली बाई नाही! ओट्यावर धावलो. आखाजीच्या रिवाजाप्रमाणे आबा, नाना आणि गावातले चार जण पत्ते कुटत होते.

"आबा, माझी बाई कुठे आहे?"

आबांनी पत्त्यांतून डोकं वर काढलं नाही. "कमल? नदीवर गेली."

"कमल नाही हो! दुसरी!"

आबांच्या हातातले पत्ते खाली पडले, ते सगळ्यांना उघडे दिसले आणि एरवी तोच डाव ते जिंकणार होते, याबद्दल त्यांनी मला अजून माफ केलेलं नाही.

"पांढरी! पंखेवाली!" मी ओरडलो.

"असं बोला ना," आबा संतापून म्हणाले. "आमच्या लाकडाच्या गौराईले उधई लागली, सारी पोखरली. औंदा तुमची मातीची नेली बायांनी. तुमीच तं सांगितलं मातीची म्हून!"

मी धूम ठोकली. वैशाखातली नदी म्हणजे गुडघाभर पाण्याचा एक डोह. काठावर निम्मं गाव बायकांचं. आणि डोहाच्या मधोमध, गाळाच्या उंचवट्यावर, माझी चिनी बाई! कपाळाला कुंकू, डोळ्यांत काजळ, नाकात नथ, झग्यावर हिरवा खण, आणि गळ्यात सांजोऱ्यांची माळ! (बादशहाच्या शिक्क्याच्या बाईच्या गळ्यात सांजोऱ्या!) ती हळूहळू गाळात रुतत चालली होती आणि बायका गळा काढून पाठवणीची गाणी म्हणत होत्या.

"थांबा!" म्हणत मी धोतरासकट पाण्यात शिरलो आणि तिला उचललं.

"व माय! पाव्हणे, ठेवा तिले!" अक्का काठावरून ओरडल्या. "लेकीले वाटे लावलं की माघारी नही फिरवत!"

"अक्का, ही लेक नाही! ही वस्तू आहे! पुरातन!"

"नथ घातली, ओटी भरली, आता वस्तू कशी?"

तेवढ्यात माझ्या हाताला काहीतरी मऊ लागलं. पाण्यानं बनात सुटत होती! तिचा एक कोपरा उलगडला होता आणि त्याखाली निळी रेघ दिसत होती. शिक्का! मी तिथेच, गुडघाभर पाण्यात, बाईला उलटी केली.

काठावर जो आरडाओरडा झाला, तो बहुधा भुसावळपर्यंत गेला असेल. अक्का स्वतः पाण्यात उतरल्या, माझ्या हातातून बाई हिसकावली, सुलटी केली आणि तिला पदराखाली घेतलं.

"गौराईले उलटी करता? लाज नही वाटत? तिले हात लावणारे तुमी कोण?"

"मी कोण?" आता माझा तोल सुटला. "मी तिला धुळ्याहून आणलीय! चार माणसांसमोर हातात हात दिला! वरून रुमाल टाकला होता! पगार मोजला, घड्याळ दिलं, आणि तो माणूस सगळ्यांदेखत म्हणाला, बाई आता तुमची!"

मग एक म्हातारी हनुवटीला बोट लावून म्हणाली, "अव माय! हे तं लगनच झालं!"

झालं! बायका हसत सुटल्या, पोरींनी पाठवणीचं गाणं सोडून सरळ शंकराचं गाणं धरलं. गौराईला सासरी न्यायला शंकर येतो, तसा मी आलो होतो म्हणे! एवढ्यात हातात पत्त्यांचा पंखा घेऊन नाना पोचले. त्यांनी मला चिखलात उभं पाहिलं, गाणं ऐकलं आणि रावेरपासून असोद्यापर्यंत कधी कुणी हसलं नसेल असे हसले. मी आशेनं कमलकडे पाहिलं. निदान माझी बायको तरी माझी बाजू घेईल!

"मला काय विचारता?" कमल पदर तोंडाला लावून म्हणाली. "एवढं सांगते, मी सवतीबरोबर नांदणार नाही. तिला ठेवा माहेरीच."

आणि अक्कांनी तसाच निवाडा दिला. नवरा न्यायला आला म्हणून गौराई पाण्यात सोडायची नाही. पण थोरल्या बायकोची ना आहे म्हणून सासरीही पाठवायची नाही. ती असोद्याच्या देवघरात राहील आणि दर आखाजीला नवऱ्यानं लुगडं घेऊन भेटीला यायचं!

दिवेलागणीला पानं मांडली. नाना सवयीनं पहिल्या पाटाकडे वळले, तर आबांनी त्यांचा हात धरला. "थांबा. आज तिथं शंकरजी बसतीन." पहिला पाट मला, पहिली वाटी मला, आणि माझ्या हयातीत पहिल्यांदा नाना दुसऱ्या पाटावर! ज्यासाठी मी घड्याळ गमावलं, पगार गमावला, तो क्षण आला होता. फक्त माझ्या कपाळाला भस्माचे तीन पट्टे होते आणि बायका वाढताना हसू दाबत होत्या.

त्याला आता बरीच वर्षं झाली. दर आखाजीला मी लुगडं घेऊन जातो. पहिला पाट पक्का झाला आहे, नाना निमूट दुसऱ्यावर बसतात, मात्र रस वाढला की दरवेळी न चुकता विचारतात, "मंग शंकरजी, शिक्का पाह्यला का?"

नाही पाहिला! ती निळी रेघ बादशहाच्या शिक्क्याची की कुठल्या कारखान्याच्या नावाची, हे मला अजून कळलेलं नाही. दरवर्षी मी अक्कांच्या हातापाया पडतो, की फक्त एकदा तिला उलटी करून तळ बघू द्या. आणि दरवर्षी अक्का देवघराच्या दाराशी उभ्या राहून मला तेच सुनावतात:

"नवरा झाला म्हून काय झालं? चारचौघात?"