सुधाकरची जखम मी धुतली

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — कोण जाणे.

पांढुर्ण्याला माझा कोंबड्यांचा फार्म आहे. पिल्लं मरू नयेत म्हणून त्यांच्या पाण्यात अँटिबायोटिक घालतो, आजार असो नसो. उरलेलं औषधाचं पाणी पाइपातून नाल्यात जातं आणि नाला नदीला मिळतो — गोटमारीच्या जागेच्या जरासा वर. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिथं दोन्ही काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात, तो खेळ म्हणजे गोटमार.

सावरगावचा सुधाकर नाल्यावर बकऱ्या चारायचा. एकदा त्यानं मला चार लोकांसमोर अडवलं. "भाऊ, तुमी औषधाचं पानी नाल्यात सोडून राहिले. माह्या बकऱ्या तेच पेतात. नगरपालिकेत सांगतो मी."

माझं डोकंच फिरलं. पण हात उचलला नाही — पोळा आठवड्यावर होता ना! गोटमारीत लागलेल्या दगडाचा जाब कोणी विचारत नाही, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं.

दगड मी घरूनच निवडून नेला. धारदार. त्याला खेळ म्हणू? कशाला खोटं बोलू? सुधाकर नदीच्या मधोमध रोवलेला झेंडा काढायला पाण्यात उतरला आणि मी नेम धरून त्याची नडगी फोडली. हाड उघडं पडलं, रक्त भळभळलं, तो पालथा कोसळला — आणि मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

मग मीच धावलो. लोकांदेखत त्याला काठावर ओढलं आणि जखम — सांगतोच आता — नदीच्या पाण्यानं धुतली. शेजारी पिण्याच्या पाण्याची कळशी होती. नदीत काय येतं, माझ्याइतकं कोणाला ठाऊक? तरी मी पुन्हा पुन्हा ओंजळ भरली.

जखम सडली. नागपूरला एकामागून एक अँटिबायोटिक दिलं, एकही लागू पडलं नाही. "ही औषधं याआधी खूप घेतली आहेत का?" डॉक्टरांनी विचारलं. मी खाटेपाशीच उभा होतो. सलाइनची नळी सरळ केली. पाय गुडघ्यापासून कापला.

औषधांना सरावलेले ते जंतू माझ्याच पाण्यातले होते का? डॉक्टरांना सांगता आलं नसतं. मी विचारलंही नाही. पाइप अजून नाल्यातच आहे.

यंदाच्या गोटमारीला सुधाकर काठावर खुर्ची टाकून बसला होता. मला पाहून बायकोला म्हणाला, "भाऊच्या पाया पड. हे नसते त मी तिथंच मेलो असतो."

तिनं माझ्या पायांवर डोकं टेकवलं. मी पाय मागे घेतले नाहीत.