साडूंच्या पिकअपचं तोंड

जगातल्या यच्चयावत वस्तूंचा श्वास कुठे ना कुठे कोंडलेला आहे आणि तो मोकळा करण्यासाठीच आपला जन्म झाला आहे, अशी आमच्या साडूंची खात्री होती. बदलापूरच्या त्यांच्या घरी रेडिओला मागचं झाकण नव्हतं. शिलाई मशीनचं लाकडी कव्हर माळ्यावर पडून होतं. पिठाच्या डब्याच्या झाकणाला त्यांनी भोकं पाडली. त्यातून मुंग्या आत गेल्या आणि त्याही मोकळेपणानं नांदू लागल्या. मी शर्टाचं वरचं बटण लावतो हे त्यांना बघवत नसे. "साडूभाऊ, माणूस निम्मा गळ्यातच मरतो," म्हणून ते स्वतःच्या हातानं ते सोडवत. एकदा तर माझ्या साहेबांच्या मुलीच्या लग्नात, साहेबांशी बोलता बोलता, त्यांनी साहेबांचंही सोडवलं.

या सगळ्याचं मूळ आम्हा घरच्यांना ठाऊक होतं, म्हणून कोणी फारसं हसत नसे. त्यांच्या बायकोला, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला, दमा होता. ताईंची छाती वाजू लागली की हा बोलघेवडा माणूस बोलणं अर्धवट टाकून खिडक्या उघडत सुटे. आधीच उघड्या असलेल्या खिडक्याही तो एकदा लावून पुन्हा उघडी.

कारखान्यातली नोकरी सोडून त्यांनी जुनी डिझेल पिकअप घेतली आणि चामटोलीच्या शेतकऱ्यांची भाजी बाजारात पोचवू लागले. ताईंना अचानक डॉक्टरकडे न्यायची वेळ आली तर गाडी दारात असावी, हा त्यातला न बोललेला भाग होता. गाडी चांगली चालत होती. पण एके दिवशी त्यांनी बॉनेट उघडून आतला हवेचा फिल्टर पाहिला: काळा, पत्र्याचा, डब्यासारखा आणि तळाशी तेल. "हा फिल्टर आहे की उशी? गाडीचं नाक दाबून तिला पळ म्हणायचं?"

मग उल्हासनगरचा एक दुकानदार भेटला. "साईं, ये लगाओ, गाडी उडेगी," असं म्हणून त्यानं चकचकीत नळी, शंकूच्या आकाराचा लाल फिल्टर आणि 'इम्पोर्टेड' असं लिहिलेला स्टिकर त्यांच्या हवाली केला. स्टिकरवरची शाई अजून ओली होती असं मी म्हणालो, तर साडू म्हणाले, "ताजा माल आहे." जुना डबा घरी गेला आणि ताईंनी त्यात कोरफड लावली.

त्या दिवसापासून गाडी शिट्टी वाजवू लागली. आमच्या अंबरनाथ पूर्वेच्या घरी ती चौकातून ऐकू येई आणि बायको चहाचं आधण ठेवी. पळण्याचं म्हणाल तर गाडी आधीइतकीच पळे, फक्त आवाजावरून जास्त पळतेय असं वाटे. बॉनेटखाली ती इंजिनाचीच गरम हवा ओढते, असा शोध लागल्यावर साडूंनी बॉनेटला भोक पाडून नळीचं तोंड वर, बाहेर काढलं. सनईच्या पुढच्या भागासारखं ते तोंड समोरच्या जगाकडे आ वासून बघे. त्यावरची जाळीही त्यांनी कापून टाकली, कारण जाळी म्हणजे पुन्हा अडथळा. पावसाळ्यात त्या तोंडावर ताईंचं पातेलं उपडं घालावं लागे. चढावर नळीचा रबर आत ओढला जाऊन चपटा होई. धूळ किती आत जात होती ते इंजिनालाच ठाऊक. मी काही बोललो की साडू एवढंच म्हणत, "तुम्ही बटण लावणारी माणसं."

त्या वर्षी दसऱ्याला आम्ही दोघं सोनं द्यायला बदलापूरला गेलो होतो. चामटोलीच्या शेतकऱ्यांनी गाडीसाठी झेंडूचा भला थोरला हार पाठवला होता. साडूंनी तो बॉनेटवर, त्या तोंडाच्या भोवतीच, मोठ्या कौतुकानं चढवला. सणाच्या झाडझुडीनं ताईंना सकाळपासून बरं नव्हतंच. दुपारी धाप लागली. पंप ओढून झाला, ओठ निळसर दिसू लागले, आणि साडूंनी खिडक्यांकडे न बघता गाडीची किल्ली घेतली.

पुढे साडू, मध्ये ताई, दाराशी माझी बायको. मी मागे हौद्यात, केबिनचा गज धरून. अंबरनाथला डॉक्टरकडे जाताना चिखलोलीच्या आसपास शिट्टी बारीक झाली, मग घोगरी झाली, मग बंद झाली. मागून काळा धूर आला. गाडी आचके देऊ लागली आणि रस्त्याच्या कडेला उभी राहिली.

साडू उतरले. डिझेलची नळी बघितली, बॅटरी बघितली, उगाच चाकाला लाथ मारली. पाना दोनदा हातातून खाली पडला.

"भावजी, रिक्षा बघू का?" माझी बायको ओरडली.

"सणाची कुठली रिक्षा! चालू होईल. चालू व्हायलाच पाहिजे."

मी रस्त्यावर उभा राहून हात करत होतो. एक गाडी गेली, थांबली नाही. तेवढ्यात ताईंनी काच ठोकली. एकेक शब्द ओढून काढत त्या म्हणाल्या, "अहो... ती... माझ्यासारखंच करतेय. तोंडात... काय गेलंय... बघा."

साडूंनी त्या चकचकीत तोंडात हात घातला. दोऱ्यासकट झेंडूचा ओला लगदा बाहेर आला, मग आणखी, मग आणखी. वाऱ्यानं सुटलेलं हाराचं टोक गाडीनं सबंध गिळलं होतं. उरलेला हार त्यांनी ओरबाडून रस्त्यावर टाकला. गाडी सुरू झाली. डॉक्टर घरीच होते. इंजेक्शननंतर ताईंना झोप लागली, तेव्हा साडू बाहेरच्या बाकावर बसून नखांत अडकलेल्या पाकळ्या काढत होते. त्यांच्या शर्टाचं वरचं बटण लागलेलं होतं. ते कधी लावलं, त्यांनाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्याच दिवशी कोरफड कुंडीत गेली आणि काळा डबा धुऊनपुसून गाडीत परत बसला. बॉनेटच्या भोकावर पत्रा ठोकला गेला. गाडी मग निमूटपणे यायची, साडू दारात उभे राहिले तरी आमच्याकडे आधण ठेवलेलं नसायचं, आणि बायको म्हणायची, "भावजी आल्याचं कळतच नाही हल्ली."

पुढे गाडी विकली. दसऱ्याला आम्ही अजूनही जातो. दारावर झेंडूचं तोरण असतं. ताईंच्या पलंगाजवळच्या खिडकीला मात्र फूल नाही, पडदा नाही, काही नाही. आतून खोकल्याची उबळ ऐकू आली की साडू बोलता बोलता थांबतात. उबळ ओसरेपर्यंत, माझ्या लक्षात आलं आहे, ते स्वतःही श्वास घेत नाहीत.