ओला पदर

"तोंडावरचा पदर काढ," साहेब म्हणाले.

समोर खुर्च्यांवर कारखान्याची नवी भरती बसली होती. पोरं, पोरी, सगळी माझ्यासारखीच कंत्राटी. मी पदर काढला. डावा गाल, ओठाची कड, हनुवटी. कातडं गोळा झालेलं. पुढच्या रांगेतल्या एका पोरीनं मान खाली घातली.

"नीट बघा. अडाणीपणा केला की असं होतं."

हात कुठं ठेवावेत ते मला कळेना. नवी भरती आली की मला झाडलोट सोडून वर बोलावतात. मी जाते. न जाऊन करते काय? दुसऱ्या दिवशी गेटवरूनच परत पाठवतील, आणि घर माझ्याच पगारावर चालतंय.

साहेब सांगलीचे, शिकलेले. बोलतात फार छान. आमच्या शेडातल्या पिंपांत असतं ते फॉस्फरस ट्रायक्लोराईड. दिसायला पाण्यासारखं नितळ. त्यातून फवारणीची औषधं होतात, दवाखान्यातल्या गोळ्यांचा कच्चा माल होतो. पण पाण्याशी त्याचं हाडवैर. नुसत्या हवेतल्या ओलीनंही धूर सोडतं, आणि त्याचं आम्ल होतं.

"आणि या बाईनं काय केलं? पदर भिजवून तोंडाला बांधला!"

पोरं हसली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी दुष्काळी आटपाडीकडची. आमची मेंढरं उन्हातून निघाली की धुरळ्यानं जीव घुसमटायचा. मग आई प्यायच्या पाण्यात पदर भिजवून माझ्या तोंडाला बांधायची. झळ लागली, पाणी. भाजलं, पाणी. चक्कर आली, पाणी. आमच्याकडे त्याहून मोलाचं औषध नाही. पाणी कुणाचं वाईट करील, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

गाल जळला त्या दिवशी त्याचंच एक पिंप गळत होतं. शेडात पांढरा धूर कोंडला होता. साहेबांनी स्वतःच्या तोंडाला मास्क चढवला आणि मला आतली पोती बाहेर काढायला सांगितली. मी मास्क मागितला.

"तो स्टाफचा आहे. तू फडकं बांध."

मी बांधलं. आईसारखं, भिजवून. आधी ओठाला मिरची झोंबल्यासारखं वाटलं. मग मी ओरडत बाहेर पळाले. नंतर दवाखान्यात कुणीतरी समजावलं, अशा वेळी थोडकं पाणी घात करतं, लावायचं तर धो धो सोडायचं. धो धो पाणी आम्ही जन्मात कधी बघितलं होतं? मला तिथंच रडू फुटलं.

हे सगळं मी गिळून बसले होते. साहेब अडाणी म्हणायचे आणि मी मान डोलवायची. पुढं पुढं मलाही ते खरं वाटायला लागलं.

पण आज मघाची मान खाली घातलेली पोरगी उभी राहिली. दहिवडीकडची, माझ्यासारखीच दुष्काळी मुलखातली, बोलण्यावरून कळलं. "काकी, तुमाला मास्क दिला न्हवता व्हय?"

"खाली बस," साहेब म्हणाले. "मास्क सगळ्यांना मिळतो. सांग गं हिला."

हो म्हणायला काही लागत नव्हतं. पण त्या पोरीच्या हातात तोंडाला बांधायचा रुमाल होता. जेवणानंतर तिला शेडातच जायचं होतं.

"न्हाई दिला," मी म्हणाले. "मी मागितला हुता. फडकं बांध म्हणाला तुमी. आता हिलाबी तेच सांगणार का?"

या खेपेला कुणी हसलं नाही.

"उद्यापासून येऊ नकोस," साहेब म्हणाले. एवढंच. मग पोरांकडे वळून त्यांनी पुढचं शिकवायला सुरुवात केली.

मी खाली आले. झाडू ठेवला. गेटबाहेर बसून राहिले. आत त्या पोरीला मास्क मिळाला की नाही, कळायला मार्ग नव्हता. वॉचमनला विचारलं, तर तो दुसरीकडं बघायला लागला. साहेबांची खुर्ची जाग्यावर. माझा गाल जाग्यावर. गेलं ते माझं काम.

उद्या कामाची पाळी सुरू व्हायच्या आधी मी याच गेटवर येणार. तोंडावर पदर न घेता. आत जाणाऱ्या एकेकाला थांबवून गाल दाखवणार, आणि तो कसा जळला ते माझ्या तोंडानं सांगणार. मास्क हातात पडल्याशिवाय शेडात पाऊल टाकू नका म्हणणार. वॉचमननं हाकललं, तर रस्त्याच्या पलीकडं उभी राहणार.