गाळाच्या वहीतले चार कोरे दिवस

निलंग्याच्या बाजूला, मांजरेच्या काठी लिंबाजीनं सव्वीस वर्षं नदीचा गाळ मोजला. सकाळी आठला नावेतून मधल्या धारेला जायचं, बाटली बुडवायची, पाणी कागदातून गाळायचं, उरलेली माती वाळवून तोलायची आणि वजन वहीत लिहायचं. बाप गेला त्या दिवशीही नमुना घेऊनच तो घराकडं वळला होता.

गाळ मोजणीच्या ठाण्याचे नवे वीरभद्र साहेब आठ महिन्यांत नदीवर एकदाच आले. बुटाला चिखल लागेल म्हणून जीपमधून उतरले नाहीत. ते लिंबाजीला 'ए गाळवाल्या' म्हणत. लिंबाजी मनातल्या मनात त्यांना काय म्हणे, ते लिहिण्याजोगं नाही.

मग वरून पत्र आलं. निरनिराळे देश आपापल्या नद्यांच्या गाळाचे आकडे एकमेकांना देणार होते, आणि त्यात हे ठाणंही होतं. साहेबांना भलताच हुरूप आला; त्यांनी आकडे भरून पाठवूनही दिले. संगणकावरच्या बैठकीला त्यांनी लिंबाजीला मागं बसवलं, वह्या सांभाळायला.

पडद्यावर एक परदेशी बाई होत्या. त्यांचं बोलणं दिल्लीचा एक माणूस हिंदीत सांगत होता; त्याला मराठीही कळत होती. बाईंनी विचारलं, सप्टेंबरच्या पुरात चार दिवस पाणी रोज हातभर चढत होतं, मग चारही दिवस गाळ तेवढाच कसा?

साहेब मागं न बघताच म्हणाले, आमचा माणूस अडाणी आहे, त्यानं चुकीचं लिहिलं असेल.

लिंबाजी उठला. वही उघडून त्यानं कॅमेऱ्यापुढं धरली. "तुमच्याकडं आलेले आकडे माझे न्हाईत. चार दिवस नाव फुटलेली व्हती. म्या 'नमुना न्हाई' असं लिव्हलंय. बाकीचं साहेबांनी हापिसात बसून भरलं."

"खाली बस," साहेब दात आवळून म्हणाले.

लिंबाजीनं त्यांच्याकडं पायाखालच्या चिखलाकडं बघावं तसं बघितलं. "खोटं लिव्हायलाबी एकदा नदी बघावी लागती, साहेब."

बाईंनी ते चार दिवस कोरे ठेवले आणि सव्वीसही वर्षांच्या वह्यांचे फोटो मागवले. पंधरा दिवसांत लिंबाजीला उद्धटपणाची नोटीस आली. साहेबांना बढती मिळाली, बदली झाली. निरोपाला सगळं ऑफिस हार घेऊन गेलं. लिंबाजी गेला नाही. तो घरी ओसरीवर वह्या उघडून बसला होता आणि लेक महामाया मोबाइलवर एकेक पान टिपत होती.

नोटिशीला उत्तर काय द्यायचं, असं तिनं विचारलं.

"ऱ्हाऊ दे ते," लिंबाजी म्हणाला. "ह्या पानावर सावली पडायली. परत काढ."