शेपटाकडच्या रेषा

टोमॅटोच्या मुळावर जी गाठ येते, तिच्यात सूत्रकृमीची मादी राहते. पांढरी, चंबूसारखी फुगीर, मोहरीहूनही बारीक. शेपटाकडच्या कातडीवरच्या रेषांवरून तिची जात ओळखतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या अंगठ्याच्या ठशासारख्या दिसतात. एका नमुन्यातल्या निदान दहा माद्या पाहाव्यात, असं मीच विद्यार्थ्यांना बजावतो.

गेल्या हंगामात शालनताईंच्या शेडनेटमधली टोमॅटोची मुळं तपासायला आली, तेव्हा मी दोनच पाहिल्या. दोन्हींच्या रेषांची कमान उंच होती. नेहमीची जात म्हणून लिहून दिलं आणि तिला दाद न देणारा टोमॅटोचा वाण सुचवला. आज त्याच वाणाची मुळं समोर आहेत, गाठींनी भरलेली. दहापैकी आठ माद्यांच्या रेषा गोल आहेत. ही जात वेगळीच, त्या वाणाला न जुमानणारी. जपून ठेवलेली पहिली मुळं काढून पाहिली, त्यांतही हीच निघाली.

सकाळी ताई फोनवर म्हणाल्या होत्या, "सर, आमच्याच हातून बाहेरची माती आत आली असणार, तिच्यातूनच हे कृमी आले." मी नुसतं "बघतो" म्हणालो. तेव्हापासून एका जागी बसवत नाही. आपली चूक दुसरं कोणी आपणहून अंगावर घेतं, तेव्हा गप्प राहणं फार सोपं असतं. इतक्या वर्षांत मी असा किती वेळा गप्प राहिलो असेन?

शेवटी फोन लावला. "ताई, माती कुणी आणली नाही. जात मीच चुकीची सांगितली. दोनच माद्या बघून."



"म्हणजे कामाला येणाऱ्या सुमनला मी उगाच काढलं," ताई म्हणाल्या. "बाहेरच्या चपला घालून आत येते म्हणून. आता तिच्या दारात तुम्हीही येता का सर, का मी एकटीच जाऊ?"