ओटीवरचा सेमिनार

लग्नानंतर मी एम.ए.ला नाव घातलं, ते कर्जतच्या कॉलेजात आठवड्यातून तीनच दिवस जावं लागतं म्हणून. बाकीचे तास ऑनलाइन. चौक गावाजवळच्या आमच्या घरी सासूबाईंनी होकार दिला तोही त्याचमुळे, आणि वर बजावलं की एकदा जरी नापास झालीस तर शिक्षण बंद. कॉलेजच्या दिवशी मला कुणी काम सांगत नसे. घरच्या तासाला मात्र सासूबाई म्हणत, "घरातच हायस ना? मग सुट्टीच की गं." तिकडे सर शिकवत आणि मी कॅमेरा बंद करून उन्हातले पापड उलटत असे.

माझा सेमिनार नेमका ऑनलाइनच्या दिवशी आला. पुन्हा संधी नाही, आणि सेमिनार नाही तर नापास, असं सरांनी स्पष्ट सांगितलं होतं. त्याच सकाळी नणंदेला बघायला पाहुणे येणार होते. दुपारी बोलवा म्हटलं, तर सासूबाई म्हणाल्या, "पाव्हनं काय तुज्या फोनसाठी थांबतील? तुजं उद्या कर." वाद घालण्यात अर्थ नव्हता. वायफाय फक्त ओटीवर चालायचं. मी पोहे करून झाकून ठेवले आणि ओटीच्या कोपऱ्यात, शिलाई मशीनवर लॅपटॉप मांडून बसले.

मी बोलायला लागले आणि पाहुणे आले. आमच्यात सुनेनं लगेच उठून पाणी द्यायचं असतं. मी बसल्याजागी हात जोडले आणि बोलत राहिले. एक्स्प्रेस वे झाल्यावर जुन्या हायवेवरचे ढाबे आणि गॅरेजं कशी तगली, हा माझा विषय. सासूबाई आधी खाकरल्या, मग म्हणाल्या, "आगं, पानी." ते सगळ्या वर्गानं ऐकलं. सरांनी विचारलं, थांबायचं का?

"नाही सर," मी म्हटलं, "मी वर्गात आहे."

मला लाज वाटली नाही, संताप आला, आणि तो मला शेवटपर्यंत पुरला.

बघायची मुलगी बोलावल्याशिवाय बाहेर येत नाही. नणंद मात्र कुणी न बोलावता पाणी घेऊन आली. मुलाच्या आईनं माझ्याकडे बघत तिला विचारलं, "तू पन अशीच शिकनार का, घरात बसून?"

"नाय," नणंद म्हणाली. "मी रोज कॉलेजात जानार. घरात बसलं का वर्ग कोनाला दिसत नाय."

ते स्थळ पुन्हा फिरकलं नाही. सासूबाई अजून त्याचं खापर माझ्यावर फोडतात. खुशाल फोडोत. मी पास झाले. आता ऑनलाइन तासाच्या दिवशीही मी, त्याच कॉलेजात नाव घातलेल्या नणंदेबरोबर, कर्जतला जाते आणि कॉलेजच्या पायरीवर बसून कानात हेडफोन घालून तो तास करते. घरून शिकायची केवढी सोय झालीय, हे मला कुणी सांगू नये.