‘पुरे का’ सर

आमचे बीजगणिताचे सर आधी उत्तर कधीच विचारत नसत. फळ्यावर उदाहरण लिहिलं की खडू खाली ठेवायचे आणि म्हणायचे, “एवढी माहिती पुरे का?” परळच्या आमच्या शाळेत त्यांचं नावच ‘पुरे का सर’ पडलं होतं.

एकदा त्यांनी लिहिलं : आईचं वय मुलीच्या तिप्पट, दोघींच्या वयांतला फरक मुलीच्या वयाच्या दुप्पट, तर मुलगी किती वर्षांची? आम्ही मुली क्ष मांडून मांडून थकलो. नायगावच्या चाळीतली सुशीला तेवढी उठली.

“सर, दुसऱ्या वाक्यात पहिलंच फिरवून सांगितलंय. यातून वय निघायचं नाही.”

सरांना कोण आनंद झाला! न निघणारं उत्तर काढून दाखवणं हा खोटेपणाच, असं ते म्हणत.

संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटली, तेव्हा आम्ही मॅट्रिकला होतो. सुशीला कधी उशिरा येई, कधी येतच नसे. सरांनी तिला एका मोर्चात पाहिलं. दुसऱ्या दिवशी वर्गात उभं करून, मोर्चे बघत हिंडणारीनं परीक्षेला बसूच नये, असं सुनावलं आणि मॅट्रिकला बसणाऱ्या मुलींच्या यादीतून तिचं नाव काढायला लावलं. ती दप्तर उचलून वर्गाबाहेर गेली.

पोलिसांच्या गोळीबारात तिच्या भावाला गोळी लागली होती. आई गिरणीत, म्हणून इस्पितळात डबा सुशीला नेई. त्या दिवशी ती मोर्चातून वाट काढत तिकडेच निघाली होती. भावाचं नाव पोलिसांकडे जाईल, या भीतीनं ती बोलली नव्हती. तिच्या आईनं शाळेत येऊन हे सांगितलं, तोवर परीक्षेच्या अर्जांची मुदत संपली होती.

सर वर्गात आले, पण फळ्याकडे वळलेच नाहीत. “मी तिला एक प्रश्नसुद्धा विचारला नाही,” एवढंच म्हणाले. संध्याकाळी ते नायगावला गेले. त्यांनी माफी मागितली, तर आईनं चहा पुढे केला. तो त्यांच्या हातातच निवून गेला, असं सुशीलाच सांगायची. मग वर्षभर ते तिला घरी जाऊन शिकवत राहिले.

ती पास झाली. पेढे द्यायला मी तिच्याबरोबर गेले होते. सर उठून उभे राहिले आणि तिला “या, बसा” म्हणाले. आम्हा बाकीच्यांना ते अगं-तुगंच करत.

“सर, मला पहिल्यासारखं अगं म्हणा ना.”



“नाही जमत हो,” ते म्हणाले.